मधला माल गेला कुठे?

वर्षाला 100 पौंड मिळवून देणारा एक कागद आहे आणि व्याजाचा दर आहे 5 टक्के. मग ते 100 पौंड 2,000 पौंडांच्या मुदलाचं व्याज आहे असं धरायचं. हे 2,000 पौंड तिजोरीत नाहीत, कारखान्यात नाहीत, कुठेच नाहीत. तरी कागद त्या भावाला विकला जातो, गहाणही ठेवता येतो. दर उतरून अडीच टक्के झाला, की तोच कागद 4,000 चा! इकडची काडी तिकडे न करता.

हा हिशेब कार्ल मार्क्सच्या 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडातला. मार्क्स 1883 मध्ये गेला. त्याच्या अर्धवट हस्तलिखितांशी झटून त्याचा मित्र एंगल्सनं हा खंड 1894 मध्ये छापला. या भांडवलाला मार्क्सनं 'आभासी' म्हटलं. याच न्यायानं मजुरीलाही व्याज मानलं, तर मजूर स्वतःच चालतंबोलतं मुद्दल ठरतो, यावर तर तो चांगलाच वैतागलेला दिसतो.

मार्क्सच्या मते कारखानदाराची साखळी अशी: पैसा, मग माल, मग जास्त पैसा. त्यातली 'जास्ती' येते मजुराच्या मोबदला न मिळालेल्या श्रमातून. सावकारीत मधला माल दिसेनासा होतो. झाडाला फळ लागावं तसा पैशाला पैसा लागतो असं वाटतं. दिसेनासा, नाहीसा नव्हे. व्याज कुणाच्या तरी घामातूनच फिटतं.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सकडे बघा. गाड्या हप्त्यानं खपाव्यात म्हणून तिनं 1919 मध्ये 'जीमॅक' ही कर्ज देणारी कंपनी काढली. पुढे जीमॅक घरकर्जातही उतरली, आणि 2004 पर्यंत चित्र पार उलटलं: जनरल मोटर्सचा जवळजवळ सगळा नफा जीमॅकचा! गाडी ही कर्ज खपवायची सबब झाली होती, असं म्हणायचा मोह होतो.

हे का व्हावं? मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ पॉल स्वीझी आणि हॅरी मॅगडॉफ यांचं म्हणणं, मक्तेदार कंपन्यांकडे साचलेल्या नफ्याला उत्पादनात पुरेशी वाट मिळत नाही, म्हणून तो कर्ज-सट्ट्याकडे वळतो. मला जास्त चटका लावतात अर्थतज्ज्ञ कोस्तास लापाविट्सास. 2013 च्या पुस्तकात ते दाखवतात, की बँका आता थेट कामगाराच्या पगारातूनच नफा काढतात. म्हणजे जनरल मोटर्सच्या डेट्रॉइटमधल्या कामगाराकडून कंपनी एकदा गाडी बनवताना कमावणार, आणि तीच गाडी त्यानं हप्त्यावर घेतली की पुन्हा व्याजातून.

जनरल मोटर्सनं 2006 मध्ये जीमॅकचा 51 टक्के हिस्सा विकला. पुढे घरकर्जांचा फुगा फुटला, मंदीत गाड्या खपेनात, आणि जून 2009 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. सरकारी पैशावर ती सावरली. आणि 2010 मध्ये, वर्ष-दीड वर्षही झालं नव्हतं, तोच साडेतीन अब्ज डॉलर मोजून तिनं वाहनकर्ज देणारी दुसरी एक कंपनी विकत घेतली.