गुडघ्यातलं वंगण धावून संपत नाही

मुंबईतल्या पवई तलावाच्या कडेनं सकाळी फिरणाऱ्यांत बऱ्याच वर्षांनी पुन्हा पळू पाहणारे लोक नेहमी भेटतात. कुणाची लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेली असते, कुणी क्षयाची औषधं पुरी करून आलेलं असतं, कुणाला कोविडनं खिळवून ठेवलेलं असतं. या सगळ्यांना घरात, सोसायटीत, लग्नाकार्यात एकच वाक्य ऐकावं लागतं: "आता कशाला पळताय? गुडघ्यातलं वंगण संपेल." हे वाक्य इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा बोललं जातं, की चांगली सुधारत असलेली माणसं घाबरून परत सोफ्यावर बसतात. म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

गुडघ्यात एकदाच भरून ठेवलेलं तेल नसतं. सांध्याच्या आतलं अस्तर हा वंगणाचा द्रव सतत तयार करतं आणि जुना शोषून घेतं. निरोगी गुडघ्यात तो असतो जेमतेम चमचाभर, आणि तेवढा पुरतो. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा द्रव आतबाहेर होतो आणि त्यातूनच कूर्चेला पोषण मिळतं. म्हणजे सांधा हलता ठेवणं ही कूर्चेची गरज आहे.

यावर "पुरावा काय?" असं कुणी विचारलं, तर पुरावा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४५ लांब पल्ल्याचे धावपटू आणि ५३ न धावणारे लोक यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे १९८४ ते २००२ या काळात वेळोवेळी काढले. सुरुवातीलाच या मंडळींचं सरासरी वय ५८ होतं. शेवटच्या एक्स-रेत झिजेचा संधिवात दिसला तो धावणाऱ्यांपैकी २० टक्क्यांत आणि न धावणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांत. पुढे २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या आकडेवारीत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के निघालं. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के होतं, हेही सांगायला हवं. ज्यांचे गुडघे दुखतात ते मुळात पळणं सोडून देतात, त्यामुळे आकडे चांगले दिसतात, हा आक्षेपही रास्त आहे. पण हौसेनं पळणाऱ्याचे गुडघे पळण्यामुळेच जातात, असं या आकड्यांतून काढताच येत नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. लिगामेंट किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटून गेलेल्या गुडघ्याला पुढे संधिवाताचा धोका जास्तच असतो, मग माणूस पळो वा न पळो. अशांनी आधी अस्थिरोगतज्ज्ञाला आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं, मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू बळकट करावेत, मगच बूट बांधावेत.

खरं तर परतणाऱ्यांचा घात करणारा गैरसमज वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही: दम लागेनासा झाला म्हणजे शरीर तयार झालं. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूबंध आणि हाडं यांना महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. काढण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-एक महिने जातात. मधल्या काळात तेवढा भाग कमजोर असतो. नेमका याच काळात माणसाला "आता मस्त वाटतंय" असं वाटू लागतं, आणि तो तलावापासून थेट आरे कॉलनीपर्यंत पळत सुटतो.

म्हणून नडगीवर लक्ष ठेवा. आतल्या कडेवरून अंगठा दाबत गुडघ्याखालून घोट्यापर्यंत न्या. दुखरेपणा वीतभर पसरलेला असेल, तर बहुधा हाडालगतच्या भागावर ताण आलेला असतो. भार कमी केला की तो निवळतो. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ उठत असेल, त्या पायावर उडी मारली की ती वाढत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. तिथे पळणं त्याच दिवशी थांबवावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बऱ्याचदा साफ येतो, म्हणून "एक्स-रेत काही नाही" यावर विसंबू नका, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

"आठवड्याला दहा टक्के वाढवा, काही होणार नाही" हा मंत्रही सिद्ध झालेला नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या अभ्यासात नवख्या धावकांच्या एका गटाला दहा टक्क्यांचा नियम दिला, दुसऱ्याला नेहमीचा कार्यक्रम. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. आकड्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय सांगतो ते ऐकावं.

दुखलं की पूर्ण विश्रांतीच, हेही सरसकट खरं नाही. टाचेच्या वरच्या स्नायूबंधाच्या दुखण्यावर स्वीडनमधल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचाराचे व्यायाम करतानाच, वेदना मर्यादेत ठेवून, धावणं चालू ठेवणाऱ्यांची प्रगती थांबलेल्यांपेक्षा वाईट झाली नाही. हा निकाल स्नायूबंधाचा आहे. हाडाच्या तड्याला तो लावू नका.

आणखी काही समज आणि त्यांची उत्तरं. डांबरी रस्त्यानं गुडघे जातात, म्हणून मातीतच पळा: गरज नाही, शरीर पृष्ठभागानुसार पायाचा ताठपणा आपोआप बदलतं. शिवाय पवईत निवड आहे कुठे? तलावाकाठचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, तेव्हा रस्त्यावरच पळायचं आहे. काळजी घ्यायचीच तर इथल्या हिरानंदानी वसाहतीतल्या उतारांची घ्या. चढापेक्षा उतरताना गुडघ्यावर आणि मांडीवर जास्त भार येतो.

मध्ये चालणं म्हणजे हार: मुळीच नाही, पळणं-चालणं आलटून पालटून करणं ही जाणीवपूर्वक वापरली जाणारी पद्धत आहे.

वेदनाशामक गोळी घेऊन पळावं: नको, घामानं कोरड्या पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते.

ताप उतरला, आता पळू या: हा समज सगळ्यांत धोक्याचा. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमारास गुंतागुंतीचा काळ सुरू होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. विषाणूजन्य आजारानंतर छातीत दुखणं, धडधड किंवा चक्कर असेल, तर हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. ती निघाली तर साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगतात आणि पुन्हा तपासूनच परवानगी देतात.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे आणि कोविडचा काळ सोडला तर दर हिवाळ्यात येते. आजारातून उठून दोन-तीन महिने झाले असतील तर येत्या जानेवारीची नोंदणी सोडून द्या आणि त्यापुढच्या जानेवारीची करा.