रक्तातली वळवळ मोजणारा फोन

कॅमेरूनच्या ओकोला भागात 1999 साली चांगलं काम अंगाशी आलं. तिथे नद्यांकाठच्या काळ्या माशीच्या चाव्यातून एक कृमिरोग पसरतो आणि अखेर दृष्टी घेतो. त्यावरचं औषध आयव्हरमेक्टिन, कोविडच्या साथीत आपल्याकडेही गाजलेलं. गोळ्या वाटल्या आणि काही जण दगावले. मोहीम बंद पडली.

कारण होता दुसराच कृमी, लोआ लोआ. मिलिलिटरभर रक्तात त्याची तीस हजारांहून जास्त पिल्लं असली आणि औषधाने ती एकदम मेली, तर मेंदूवर बेततं. असे लोक मोजकेच, पण दिसायला धडधाकट. त्यांना हुडकायचं तर प्रत्येकाच्या रक्ताची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करायला हवी. गावोगाव हे करणार कोण?

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॅनियल फ्लेचर यांच्या गटाने त्यासाठी ‘लोआस्कोप’ बनवला. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली प्लॅस्टिकची पेटी, आत एलईडी दिवे आणि दातेरी चाकं, वर आयफोन. बोट टोचून काढलेलं रक्त काचेच्या चपट्या नळीत घ्यायचं आणि नळी पेटीत सरकवायची. पुढचं काम पेटीचं. ती नळी थोडी थोडी पुढे ढकलते आणि फोन दर ठिकाणी काही सेकंदांचा व्हिडिओ घेतो.

खरी गंमत मोजणीत आहे. न रंगवलेल्या रक्तात कृमीचं पिल्लू ओळखू येणं कठीण, म्हणून फोन त्याचा आकार शोधतच नाही. पिल्लू वळवळतं तेव्हा शेजारच्या तांबड्या पेशी हलतात. ती हालचाल व्हिडिओत टिपून सुमारे दोन मिनिटांत आकडा मिळतो.

रक्त मात्र भरदिवसाच घ्यावं लागतं. विदर्भात हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर फिरतात, कारण त्याच्या कृमीची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. लोआ लोआचं उलट. तो पसरवणारी माशी वेगळी, ती दिवसा चावते, म्हणून त्याची पिल्लंही दिवसाच रक्तात येतात.

2015 मध्ये संशोधक जोसेफ काम्ग्नो आणि सहकाऱ्यांनी ओकोलातच 16,259 जणांना लोआस्कोपने तपासलं. धोक्याची रेषा सावधपणे वीस हजारांवर आणली होती. त्यापलीकडचे 340 जण निघाले, त्यांना गोळी दिली नाही. गरोदरपण वा आजारपणामुळे आणखी 397 जण वगळले. बाकी 15,522 जणांना औषध मिळालं आणि एकालाही गंभीर त्रास झाला नाही.

अर्थात ही युक्ती वळवळणाऱ्यांपुरतीच. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत दडून बसतो. त्याच्यासाठी आजही काचपट्टी रंगवावी लागते, नाहीतर वेगळी चाचणी करावी लागते.