भिंत उष्णता खरंच अडवते का? हे मोजतात कसं?

एप्रिल-मे महिन्यात रात्री दहा वाजता पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून बघा. सूर्य मावळून तीन तास झाले, तरी भिंत गरमच लागते. इकडे नव्या बिल्डिंगच्या जाहिराती सांगतात, 'आमच्या भिंती उष्णता अडवतात.' हे तपासायचं कसं?

यू-व्हॅल्यू म्हणजे काय?

भिंतीच्या आत-बाहेर तापमानात १ अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटर भिंतीतून किती वॉट उष्णता आरपार जाते, तो आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. आकडा कमी, तर भिंत चांगली. ९ इंची विटांच्या भिंतीचा साधारण २, ८ इंची एएसी ब्लॉकचा १ च्या खाली, तर मायवन पद्धतीच्या ६ इंची काँक्रीट भिंतीचा ३ च्या वर असतो.

मग अडचण कुठे आहे?

हे आकडे कोरड्या, नीट बांधलेल्या भिंतीचे आहेत. प्रत्यक्षात मध्ये काँक्रीटचे बीम-कॉलम येतात, आणि तिथून उष्णता सहज आत शिरते. पावसात ओल धरली की ब्लॉक आणखी उष्णता आत सोडतात.

प्रत्यक्ष मोजतात कसं?

आयएसओ ९८६९ या आंतरराष्ट्रीय मानकात पद्धत दिली आहे. आधी थर्मल कॅमेऱ्याने योग्य जागा शोधतात. तिथे आतून एक पातळ सेन्सर चिकटवतात. तो त्या जागेतून जाणारी उष्णता मोजतो. सोबत आतलं-बाहेरचं तापमान नोंदवतात. हे किमान ७२ तास चालतं.

थंड देशांत हिवाळ्यात हे सोपं जातं, कारण हीटरमुळे उष्णता सतत आतून बाहेर जाते. मुंबई-पुण्यात आत-बाहेरचा फरक कमी आणि उष्णतेची दिशा दिवसा एक, रात्री दुसरी. म्हणून इथे जास्त दिवस मोजावं लागतं किंवा एसी सतत चालू ठेवून फरक टिकवावा लागतो.

मोजून फरक पडतो का?

पडतो. ब्रिटनमध्ये जुन्या घरांच्या भरीव विटांच्या भिंतींचा यू-व्हॅल्यू २.१ धरला जायचा. प्रत्यक्ष मोजला तर सरासरी १.३ च्या आसपास निघाला. २०१७ मध्ये सरकारी हिशेबातला आकडा १.७ करण्यात आला. म्हणजे भिंती कागदापेक्षा चांगल्या निघाल्या. पण त्यामुळे इन्सुलेशनवर खर्च करून जेवढी बचत होईल असं वाटत होतं, तेवढी होणार नव्हती.

आपल्याकडे काय?

२०१८ च्या 'इको निवास संहिते'नुसार भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॉट आहे. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात. पण हा हिशेब नकाशा आणि साहित्यावरून होतो, उभ्या भिंतीवरून नाही.

म्हणून फ्लॅट घेताना दोन प्रश्न विचारा: आरईटीव्ही किती? आणि सांगितलेला यू-व्हॅल्यू नुसत्या ब्लॉकचा की बीम-कॉलमसकट सगळ्या भिंतीचा?