पंपाची नळी आणि मनातली भीती

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. रोज चार-पाच सुया टोचून घेत तिने सात वर्षं काढली. डॉक्टरांनी इन्सुलिन पंप सुचवला तेव्हा तिला कोण आनंद झाला! सासूबाई मात्र धास्तावल्या. "अगं, नळी दिवसरात्र अंगात राहणार. बेळगावच्या पावसात कपडे वाळत नाहीत, ती जागा चिघळली म्हणजे?" खरं तर माझ्याही मनात तेच होतं.

डॉक्टरांनी समजावलं, की सहा ते नऊ मिलिमीटरची मऊ नळी फक्त कातडीखाली जाते, शिरेत नाही. दर दोन-तीन दिवसांनी ती बदलायची आणि जागाही बदलायची. एवढं पाळलं तर जंतुसंसर्ग सहसा होत नाही.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी साखर तीनशेच्या खाली येईना. पाहिलं तर नळीभोवती रुपयाएवढी जागा लाल, गरम आणि सुजलेली. नळी पाच दिवसांची जुनी! "दुखत होतं, तर सांगितलं का नाहीस?" ती रडवेली झाली. "आजी पंप काढायला लावेल म्हणून."

आम्ही नळी काढली, पेनने इन्सुलिन दिलं, कीटोन तपासले आणि दवाखाना गाठला. पंपात फक्त जलद उतरणारं इन्सुलिन असतं. ते अडलं तर काही तासांतच कीटोन वाढू लागतात. औषधांनी जागा बरी झाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुखू लागताच सांगितलं असतंस, तर नळी बदलून भागलं असतं."

आता आमचा नेम ठरला आहे. आंघोळीनंतर, साबणाने हात धुऊन नळी बदलायची. स्पिरिट आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. बेंबीपासून चार बोटं दूर आणि जुन्या जागेपासून लांब टोचायचं. रात्री झोपताना बदलायची नाही, कारण दोन तासांनी साखर तपासायची असते. लाली, सूज, पू किंवा ताप दिसला, की वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं. इन्सुलिनचं पेन सदैव दप्तरात.

नळी बदलायच्या तारखांवर भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल खुणा आहेत. त्या करतात सासूबाई! रोज संध्याकाळी दिवा लावून झाला, की त्या नातीला हाक मारतात, "ये गं, दाखव बघू पोट." आणि नातही काही न लपवता दाखवते.