पायाचे हाड जबड्याला बसले, पण दातांचे काय?

"डॉक्टर, ही कवळी तुमच्याकडेच राहू द्या," असे म्हणून एका गृहस्थांनी रुमालात बांधलेली कवळी माझ्या टेबलावर ठेवली, त्याला आता काही वर्षे झाली. गृहस्थ एस.टी. आगारात मेकॅनिक. कवळी मीच करून दिली होती आणि तिचे पैसेही घेतले होते. माप बरोबर होते, दात सरळ होते, पण ती तोंडात ठरतच नव्हती. बोलू लागले की जिभेबरोबर वर यायची. दोष त्यांचा नव्हता, कवळी घडवणाऱ्या कारागिराचाही नव्हता. ज्या जबड्यावर मी ती बसवली होती तो मुळातला जबडा नव्हताच. ते त्यांच्या पायाचे हाड होते.

सुरुवात नेहमीचीच. पंचवीस वर्षे तंबाखू, मध्ये काही वर्षे गुटखा. (राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. तो मिळतो कुठे, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.) खालच्या डाव्या दाढेशेजारी जखम झाली, ती भरेना. तुकडा काढून तपासला तर कर्करोग निघाला. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. गाठीबरोबर डाव्या बाजूचा खालचा जबडा, त्यातले दात आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या. त्यानंतर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक घेणे' म्हणतात ते. जीव वाचला. वर्षभराने ते माझ्याकडे आले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली, "भाकरी कधी खाता येईल?"

खालचा जबडा हे चेहऱ्यातले एकच हलणारे हाड. घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार. चघळण्याचे स्नायू त्याला धरतात, जीभ त्याच्या आधाराने पुढे राहते. एका बाजूचा तुकडा काढून तसाच सोडला, तर उरलेला जबडा त्या बाजूला ओढला जातो आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर येतच नाहीत. हनुवटीचा भाग गेला तर जीभ मागे पडते, लाळ ओघळते, श्वासालाही अडचण होते. म्हणून जबडा पुन्हा उभारणे हे केवळ दिसण्यासाठी नसते.

पूर्वी धातूची पट्टी बसवून तिच्यावर छातीचा स्नायू व कातडी आणून झाकत. कमी वेळात आणि कमी खर्चात होते म्हणून आपल्याकडे अजूनही अनेकांची शस्त्रक्रिया अशीच होते, आणि वयस्क, थकलेल्या रुग्णाला तीच सोसते. पण नुसती पट्टी कालांतराने मोडू शकते, कातडीतून बाहेर डोकावू शकते, आणि पट्टीवर दात लावता येत नाहीत.

पायाचे हाड वापरण्याची युक्ती वेगळी. नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक लांब हाड असते, त्याला फिब्युला म्हणतात. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, त्यामुळे फिब्युलाचा मधला भाग काढला तरी माणूस चालू शकतो. घोट्याजवळचे टोक मात्र राखावे लागते, नाहीतर घोटा डळमळतो. हे हाड त्याला रक्त पुरवणाऱ्या धमनी-शिरांसह काढतात, जरूर पडल्यास वरची कातडीही घेतात. जबड्याची गोलाई यावी म्हणून त्याला जागोजाग काप देतात, टायटॅनियमच्या पट्टीवर स्क्रूने बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवतात. धागा केसापेक्षा बारीक असतो. सारे मिळून आठ-दहा तास सहज जातात. हाड जिवंत राहते आणि पुढे जबड्याच्या उरलेल्या हाडाशी जुळते. जबड्यासाठी ही पद्धत न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ साली मांडली. पहिले काही दिवस नर्स तासातासाला कातडीचा रंग पाहते, कारण शिवलेली शीर तुंबली तर ताबडतोब पुन्हा उघडावे लागते.

आमच्या मेकॅनिकसाहेबांचे हे सगळे उत्तम झाले होते. पाय थोडा आखडतो, धावता येत नाही, एवढीच तक्रार. मग कवळी का बसली नाही?

कवळी तोंडात टिकते ती हिरडीच्या उंचवट्यावर, गालाकडच्या खोबणीत आणि लाळेच्या पातळ थरावर. यांच्या तोंडात हिरडीच्या जागी पायाची जाड, हलणारी कातडी होती. खोबण नव्हती, आणि शेकामुळे लाळ आटलेली. त्यात ओठाला संवेदना देणारी नस जबड्यातून जाते, ती हाडाबरोबर गेलेली. खालच्या ओठावरून आमटी ओघळली तरी त्यांना कळत नसे. चहा आधी बोटाने पाहून मग पीत. चारचौघांत जेवणे त्यांनी सोडलेच होते, लग्नकार्यात ते वाढपी म्हणून उभे राहत. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितले. ते स्वतः बोलले नाहीत. मीही विचारले नव्हते, मी सरळ माप घेतले होते.

अशा तोंडात उपयोगी पडतात ते इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू. स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरातील ब्रोनेमार्क यांना सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की टायटॅनियम हाडाशी इतके घट्ट जुळते की काढू म्हणता निघत नाही. १९६५ साली त्यांनी गोस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ साली लार्सन वारले, तोवर ते कामात होते. फिब्युलाचे हाड कडक असल्याने त्यात स्क्रू चांगला धरतो. अडचण उंचीची. हे हाड मूळ जबड्याच्या जवळपास निम्म्या उंचीचे असल्याने वरचे दात लांब करावे लागतात.

मी त्यांना परत मुंबईला पाठवले. कवळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. किरणोपचारानंतर बहुतेक डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबतात, कारण किरणे मिळालेले हाड उशिरा भरते आणि स्क्रू निकामी होण्याची शक्यता वाढते. यांना चार स्क्रू बसवले. वरची कातडी पातळ करून स्क्रूभोवती टाळूची त्वचा लावली. हाड धरायला काही महिने दिले, तोवर एक स्क्रू सैल होऊन काढावा लागला. उरलेल्या तिघांवर दात बसले.

२०१३ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हाड, स्क्रू आणि दात हे सारे एकाच शस्त्रक्रियेत बसवल्याचे प्रसिद्ध केले. आधी संगणकावर जबडा आखून घ्यावा लागतो. कर्करोग नसलेल्या, पण जबडा पोखरणाऱ्या अमेलोब्लास्टोमासारख्या गाठीत हे विशेष जमते, कारण तिथे पुढे शेक द्यायचा नसतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी शस्त्रक्रियेआधीच सर्जनला विचारावे: पुढे दात बसवायचे ठरले तर हे हाड त्याला चालेल का? खर्चाचेही तेव्हाच पाहावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का आणि नंतरचे दात बसतात का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला वेगवेगळे विचारावेत.

शेकाआधी किडके दात दाखवून घ्यावेत. जे काढायचे ते शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढले म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. शेक झाल्यावर मात्र दात काढायला कोणाच्याही खुर्चीत बसण्यापूर्वी, दहा वर्षे उलटली असली तरी, "मी जबड्यावर शेक घेतला आहे" हे सांगावे. त्या हाडातली जखम भरली नाही तर हाड कुजू लागते. तोंड उघडण्याचा व्यायामही डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज करावा. स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, ते पाहावे. तोंडच उघडले नाही तर स्क्रू बसवायला हत्यार आत जाणार कसे?

मेकॅनिकसाहेब दर सहा महिन्यांनी स्क्रूभोवतीची सफाई करून घ्यायला येतात. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून उजव्या बाजूने खातात. डाव्या बाजूने कडक काही चावत नाहीत, आणि ओठ अजून बधिरच आहे. परवा आले तेव्हा खिशात रुमाल होता. भाच्याच्या लग्नात पंगतीला बसलो, असे सहज सांगून खुर्चीत बसले.