भित्यापाठी ब्रह्मराक्षस? : एका तंबूतल्या रात्रीचं तत्त्वज्ञान

भय या भावनेचा विचार करताना आपण बहुधा मोठमोठी नावं घेतो. आज मात्र एका अगदी कमी खर्चात केलेल्या अमेरिकन भयपटापासून सुरुवात करू. चित्रपटाचं नाव ‘विलो क्रीक’, साल २०१३, लेखक-दिग्दर्शक बॉबकॅट गोल्डथ्वेट. हे गृहस्थ मुळात विनोदी नट म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या या चित्रपटात भूत नाही, रक्ताचे पाट नाहीत, संगणकावर बनवलेला राक्षसही नाही. आहे ते एक जोडपं, एक कॅमेरा, एक तंबू आणि भोवती रान. शेवट सांगितल्याशिवाय आमचा मुद्दा पुरा होणार नाही, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तेवढं समजून घ्यावं.

आपल्याकडे म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणजे काय? राक्षस बाहेर नसतो, भिणाराच तो निर्माण करतो. ही म्हण एक सिद्धान्तच मांडते : भय आधी, भयाचा विषय नंतर. आज हा सिद्धान्त तपासून पाहायचा आहे.

कथा साधी आहे. जिम आणि केली हे तरुण जोडपं उत्तर कॅलिफोर्नियातल्या विलो क्रीक या गावी येतं. हे गाव खरोखरच आहे, हम्बोल्ट काउंटीत. तिथल्या अरण्यात ‘बिगफूट’ नावाचा केसाळ, माणसासारखा दोन पायांवर चालणारा प्राणी राहतो अशी समजूत आहे. १९५८ साली ब्लफ क्रीक भागात रस्त्याच्या कामावर प्रचंड पावलांचे ठसे सापडले आणि स्थानिक वर्तमानपत्रातून हे नाव सर्वतोमुखी झालं. २००२ मध्ये रे वॉलेस हे ठेकेदार वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी लाकडी पावलं दाखवून सांगितलं, हा सगळा त्यांचा खोडसाळपणा होता. तरी समजूत काही गेली नाही. कारण मध्यंतरी, २० ऑक्टोबर १९६७ रोजी, रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी त्याच ब्लफ क्रीकला त्या प्राण्याचं म्हणून चित्रण केलं होतं. ते एक मिनिटाचंही नाही. जिमला त्याच जागी जाऊन आपलं चित्रण करायचं आहे. तो श्रद्धाळू. केली त्याच्या प्रेमापोटी आलेली, पण या प्रकरणात पक्की संशयवादी.

चित्रपटाचा पूर्वार्ध हसतखेळत जातो. जिम गावकऱ्यांच्या मुलाखती घेतो, बिगफूटच्या पुतळ्यापाशी उभा राहतो, बिगफूटच्या नावाचा बर्गर खातो. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत, तो शब्दप्रमाण गोळा करतो आहे. पण शब्द प्रमाण केव्हा? तर बोलणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. इथे गावाचं पर्यटनच त्या प्राण्यावर चाललेलं! मग कोणाचं किती खरं मानायचं? केली हसते, आणि तिचं हसणं आपल्याला रास्तच वाटतं.

आता रात्रीकडे येऊ. अरण्यात तंबू ठोकला आहे. जिम लग्नाची मागणी घालतो, केली लगेच हो म्हणत नाही; थोडा अवघडलेपणा, थोडं प्रेम. मग झोप. आणि मध्यरात्री आवाज. इथून पुढे जवळपास २० मिनिटांचा एकच सलग प्रसंग आहे, मध्ये एकही काट नाही. कॅमेरा समोर ठेवलेला, त्याच्याच उजेडात दोघांचे चेहरे, मागे तंबूचं कापड. बाहेर लाकडावर लाकूड आपटल्याचा ठोका. दूरची हाळी. मग जवळ. मग कुणी बाई रडते आहे की काय, असा स्वर. शेवटी बाहेरून काहीतरी तंबूला लागतं. आपल्याला दिसत काहीच नाही, बरं का. ते दोघं जेवढं ऐकतात तेवढंच आपणही ऐकतो.

भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत : विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांमुळे वाटणारा त्रास, ओसाड घर, अरण्यात जाणं. आणि अनुभाव? हातापायांचा कंप, रोमांच, चेहऱ्याचा रंग उतरणं, आवाज बदलणं. तंबूतली केली पाहा, यादी जणू तिच्यावरूनच केली आहे. नोएल कॅरोल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९०च्या ग्रंथात भयकथेच्या केंद्रस्थानी राक्षस ठेवला. जो धोकादायकही असतो आणि आपल्या ठरलेल्या वर्गवारीत न बसणारा, म्हणून किळसवाणाही असतो. या प्रसंगात मात्र राक्षस समोर येतच नाही. मग आपण भितो ते कशाला?

आमचं उत्तर न्यायदर्शनातून येतं. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण घ्या. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं आहे, खांब की माणूस? दोघांत समान असलेला धर्म, उंची, दिसतो. भेद करणारा धर्म, हातपाय किंवा ढोली, दिसत नाही. याला म्हणतात संशय. न्यायदर्शनात संशय वाईट नाही, तो विचाराचा आरंभ आहे. संशय आला की जवळ जावं, पाहावं, निर्णय करावा.

तंबूत नेमकं हेच करता येत नाही. ठोका झाडाचा, जनावराचा, की टवाळखोर माणसाचा? निर्णयासाठी तंबूची चेन उघडून बाहेर जायला हवं. पण तिथे धोका असेल तर चेन उघडणं हीच घोडचूक. म्हणजे ज्ञानाचा मार्ग आणि नाशाचा मार्ग एकच झाला. आम्ही म्हणू, ज्या संशयाला निर्णयाची वाट बंद झाली आहे, त्या संशयाचं नाव भय. ती वाट उघडी असती तर हेच कुतूहल राहिलं असतं. दिवसा जिमला होतं, तसं.

आता १९६७च्या चित्रणाशी तुलना करा. तिथे वस्तू भर उजेडात दिसते, तरी वाद मिटत नाही. वेष घातलेला माणूस म्हणणारे आणि खरा प्राणी म्हणणारे अजून भांडताहेत. इथे काहीच दिसत नाही, तरी केलीसारखी संशयवादी मुलगी थरथरते. मग तिच्या बुद्धीचा पराभव झाला का? आमच्या मते नाही. ‘बाहेर बिगफूट आहे’ हे विधान ती मानत नसेलही. पण भ्यायला ते मानावं लागत नाही. बाहेर काहीतरी आहे आणि ते काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, एवढं पुरे. तिचं भय रास्त आहे, आणि बिगफूटबद्दलचा तिचा अविश्वासही रास्तच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलं पाहिजे. कोणी घाबरलं म्हणजे त्याची समजूत खरी ठरली असंही नाही, आणि समजूत खोटी म्हणून घाबरणारा मूर्ख असंही नाही.

शेवट असा : दुसऱ्या दिवशी दोघं परतू पाहतात, वाट चुकतात, रात्र होते. अंधारात एक विवस्त्र स्त्री दिसते, आणि मग हल्ला. कोणी केला, ते कॅमेरा दाखवत नाही. पण ही स्त्री आपण आधी पाहिलेली आहे! गावात हरवलेल्या बाईचं एक पत्रक लावलेलं होतं. पुतळे, गाणी, गप्पा या सगळ्यांत तेवढा एकच कागद सरळ अर्थाने पुरावा होता, आणि त्याच्याकडे थांबून कोणी पाहिलं नाही. तसंच वाटेत एकजण त्यांना दरडावून सांगतो, परत जा. त्याचा स्वर उर्मट, म्हणून ते त्याला मोजत नाहीत. गोड बोलणारे ऐकले, हितावह बोलणारा सोडला.

तेव्हा म्हणीचं काय? ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण दिवसा, घरात, दिवा लावता येत असेल तिथे खरी आहे. तिथे दिवा लावावा, पाहावं आणि हसावं. पण जिथे दिवा लावता येत नाही तिथे भय हा भ्रम नसतो. अपुऱ्या माहितीवर घ्यायच्या निर्णयाचं ते एक मोजमाप असतं. जिमच्या श्रद्धेने प्रत्येक गोष्टीचा पुरावा केला, केलीच्या संशयाने प्रत्येक गोष्टीचा विनोद केला. चौकशी दोघांनीही केली नाही, आणि ती करायची वेळ दिवसाउजेडी, गावातच होती. जोडप्यात असो वा समाजात, एकाने मानायचं आणि दुसऱ्याने हसायचं अशी वाटणी झाली की तपासायचं काम कोणाकडेच उरत नाही.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.