टाटांची संस्था, कमलाबाईंचं प्रोबेशन

बेंगळुरूच्या रिक्षावाल्याला 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' सांगून बघा, तो जरा विचारात पडेल. 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणा, मीटर लगेच डाऊन! नावामागे कारणही तसंच आहे. १८९८मध्ये जमशेटजी टाटांनी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिलं, १८९३च्या बोटीवरच्या गप्पांची आठवण करून दिली आणि संशोधन संस्थेच्या कामात साथ मागितली. १९०४मध्ये जमशेटजी गेले. म्हैसूर संस्थानानं ३७१ एकर जागा दिली, १९०९मध्ये संस्था उभी राहिली आणि १९११मध्ये पहिले विद्यार्थी आले. जमशेटजींनी मात्र यातलं काहीच पाहिलं नाही.

झाडांच्या सावलीतून मी टॉवरच्या इमारतीपर्यंत गेले. समोर जमशेटजींचा पुतळा. मला मात्र आठवत होती आपल्याकडची एक मुलगी.

१९३३. मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत इथे अर्ज करते. वडील आणि काका इथेच शिकलेले, म्हणजे प्रवेश पक्का! पण उत्तर आलं : नाही. कारण? मुलगी आहे म्हणून. संचालक होते साक्षात सर सी. व्ही. रामन, नोबेलविजेते, संस्थेचे पहिले भारतीय संचालक. कमला थेट त्यांच्यासमोर उभी राहिली, हटलीच नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! थोडक्यात, प्रोबेशन.

आपलं सहा महिन्यांचं प्रोबेशन आठवा. तेवढ्यातही आपली झोप उडते ना? तिला तर स्वतःबरोबर मागून येणाऱ्या सगळ्याजणींची परीक्षा द्यायची होती. वर्षभरानंतर रामन यांना तिचं काम पटलं आणि मुलींसाठी दार उघडलं. कमलानं १९३९मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. पुढे कमला सोहोनी म्हणून नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं, मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद भूषवलं. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. तो अपमान मात्र त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या.

संस्था वाढतच गेली. १९४५मध्ये होमी भाभांची टीआयएफआर इथूनच सुरू झाली. सतीश धवन १९६२पासून जवळपास दोन दशकं संचालक होते. २०११मध्ये बारावीनंतरचा अभ्यासक्रमही आला.

परतताना लॅबमधून चारपाच मुली हसत बाहेर पडल्या, वाद बहुधा कुठल्यातरी प्रयोगाचा. कुणाचं लक्ष विचलित झालेलं दिसलं नाही. मी रिक्षा थांबवली.